उजेड कुठवर पोचतो? समुद्रगवताचं शास्त्र आणि मुंबईच्या खाडीचा हिशेब

पाल्कच्या उपसागरात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात समुद्रगवताची मैलोन्‌मैल कुरणं आहेत. मुंबईला एवढा किनारा असून इथे तशी कुरणं नाहीत, आणि तिवरांचं (खारफुटीच्या झाडांचं) राज्य मात्र ऐरोलीपासून गोराईपर्यंत पसरलेलं आहे. असं का? याचं बरंचसं उत्तर एका मोजता येणाऱ्या गोष्टीत आहे: पाण्यातून झाडाच्या पानापर्यंत किती उजेड पोचतो.

आधी समुद्रगवत म्हणजे काय ते पाहू. हाजी अलीच्या किंवा कार्टर रोडच्या खडकांवर हिरवं, तपकिरी, लालसर असं जे चिकटलेलं दिसतं ते समुद्रशेवाळ. त्याला खरी मुळं नसतात, फुलं नसतात, बिया नसतात. समुद्रगवत ही फुलझाडं आहेत. त्यांना मुळं असतात, चिखलाखालून आडवं धावणारं खोड असतं, पानांत शिरा असतात, आणि पाण्याखाली फुलून त्यांचं परागीकरणही पाण्यातच होतं. जमिनीवरच्या पूर्वजांपासून निघून ती पुन्हा समुद्रात गेली. जगभरात त्यांच्या सत्तरच्या आसपास जाती आहेत, भारतात पंधराच्या आसपास. नावात गवत असलं तरी ज्वारी-दूर्वांशी त्यांचं जवळचं नातं नाही. वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ती अळू ज्या गणात येतं त्याच गणात येतात. आपल्या किनाऱ्यावर सापडणारी हॅलोफिला तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या हायड्रिलाच्याच कुळातली.

बहुतेक समुद्रगवतांना पृष्ठभागावरच्या उजेडाच्या सरासरी ११ टक्के उजेड लागतो. थंड पाण्यातल्या काही जातींना २० टक्क्यांहून जास्त. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला १ टक्कासुद्धा पुरतो. हा फरक एवढा मोठा का, याचं कारण चिखलात आहे. समुद्रगवताची मुळं आणि खोड ज्या गाळात असतात तिथे प्राणवायू जवळपास नसतोच. ठाण्याच्या खाडीकाठी ओहोटीला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून तो वायू तयार करतात, आणि तो मुळांना विष आहे. पानांनी दिवसा केलेला प्राणवायू पोकळ नळ्यांमधून खाली मुळांपर्यंत जातो, मुळांभोवती पातळ थर धरतो आणि सल्फाइडला थोपवतो. उजेड कमी पडला की पान स्वतःपुरतं अन्न कसंबसं करतं, पण खाली पाठवायला प्राणवायू उरत नाही. मग सल्फाइड मुळांत शिरतं आणि झाड खालून मरतं. वरून पाहणाऱ्याला पानं अजून हिरवी दिसत असतात, म्हणून अशी मर बऱ्याचदा उशिरा लक्षात येते.

उजेड मोजायचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सेकी तबकडी. आंजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ती वापरात आणली. २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, मध्ये दोरी, खाली वजन. होडीच्या सावलीच्या बाजूने, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान सोडायची. दिसेनाशी होते ती खोली लिहायची, आणखी खाली सोडून वर ओढताना पुन्हा दिसते तीही लिहायची, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. आपल्याकडे यात नेमकी चूक होते ती प्रवाहामुळे. ओहोटीचा ओढ जोरात असला की दोरी तिरपी जाते आणि खोली आहे त्याहून जास्त भरते. वजन वाढवायचं, किंवा भरतीच्या माथ्यावर पाणी ठरतं तेव्हा मोजायचं. दुसरी चूक दिवसाच्या निवडीची. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीचा चढ-उतार सर्वांत कमी असतो तेव्हा; अमावास्या-पौर्णिमेचं उधाण याच्या उलट), प्रवाह मंद असतो, गाळ खाली बसतो आणि पाणी बरंच नितळ भासतं. तेवढ्या एका मोजमापावरून निष्कर्ष काढला तर तो फसवा. उधाण आणि भांग, भरती आणि ओहोटी, पावसाळा आणि उन्हाळा, सगळ्यांची मापं हवीत.

आता हिशेब. समजा खाडीत तबकडी ३० सेंटिमीटरला दिसेनाशी झाली. गढूळ पाण्यासाठी रूढ सूत्र असं: १.४४ ला तबकडीच्या खोलीने (मीटरमध्ये) भागायचं. १.४४ भागिले ०.३ म्हणजे ४.८. हा पाण्यात उजेड विझण्याचा दर. त्याचा सोपा अर्थ असा की दर साडेचौदा सेंटिमीटरला उजेड निम्मा होतो. साडेचौदा सेंटिमीटर खाली निम्मा, एकोणतीसला पाव, त्रेचाळीसला एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के. समुद्रगवताला लागणारा ११ टक्के उजेड ४६ सेंटिमीटरला संपतो. त्याखाली काही रुजायचं नाही.

अर्ध्या मीटरचं पाणी मुंबईत काठाला कुठेही मिळेल असं वाटेल. पण मुंबईचं पाणी एका जागी राहत नाही. उधाणाला इथे भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटी शून्याच्या जवळ येते. (या उंच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातल्या शून्य पातळीपासून मोजलेल्या आहेत.) वेळही पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत भरतीचा माथा दुपारी बारा-साडेबाराच्या आसपास येतो आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास. पावसाळ्यात वर्तमानपत्रं ‘आज दुपारी मोठी भरती’ म्हणून छापतात ती हीच. म्हणजे सूर्य डोक्यावर असतो नेमकी तेव्हा पाण्याची उंची सर्वांत जास्त असते. आठवड्याने भांग येतो तेव्हा उलटं होतं. दुपारी ओहोटी असते, पण ती उथळ ओहोटी, पावणेदोन-दोन मीटरच्या आसपास थांबणारी.

शून्य पातळीपासून १ मीटर उंचीवर एखादं रोप लावलं अशी कल्पना करा. उधाणाच्या दुपारी त्याच्यावर साडेतीन मीटर पाणी, म्हणजे उजेड चोवीस वेळा निम्मा झालेला. दीड-दोन कोटीवा हिस्सा उरतो, व्यवहारात काळोख. भांगाच्या दुपारी त्याच्यावर ८० सेंटिमीटर पाणी, उजेड सुमारे २ टक्के. उधाणाच्या पहाटे-संध्याकाळी ते उघडं पडतं, पण तेव्हा सूर्य क्षितिजाशी. चारही बाजूंनी कोंडी. तेच रोप २.२ मीटर उंचीवर नेलं तर? उधाणाला दुपारी ते बुडेल, पण भांगाच्या आसपासचे दिवस ओहोटीला भर दुपारी पूर्ण उघडं राहील आणि ओल्या चिखलावर सरळ ऊन घेईल. जगायला संधी आहे ती तिथे.

फक्त तिथे शेजार तगडा आहे. मुंबईची सरासरी समुद्रपातळी त्याच शून्यापासून अडीच मीटरच्या आसपास येते, आणि तिवर साधारण त्या पातळीपासून वर उगवतात. तिवराची पानं हवेत असतात, त्यांना पाणी किती गढूळ आहे याची फिकीर नाही. त्यांचा प्रश्न मुळांच्या श्वासाचा, आणि तो चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांनी सोडवलेला आहे. या मुळांच्या जाळीत पाणी मंदावतं, गाळ बसतो, जमीन चढते, तिवर आणखी पुढे सरकतात. म्हणजे समुद्रगवतासाठी उरतो तो तिवरांच्या पायथ्याशी एका मीटरहूनही कमी उंचीचा पट्टा. आपली चिखलाची उतरण अगदी सपाट असल्यामुळे तेवढी उंचीसुद्धा आडवी मोजली तर कितीतरी लांब पसरते, हे खरं. पण वर सावली आणि खाली काळोख या दोन्हींच्या मधली जागा ती तेवढीच.

अशा पट्ट्यात राहणारी एक वनस्पती आहे: हॅलोफिला बेक्कारी. कोकणातल्या खाड्यांमधून तिची नोंद आहे. गोव्यात मांडवीच्या खाडीतल्या तिच्या कुरणाचा अभ्यास जगताप आणि उंटवाले या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला होता. ही वनस्पती इतकी लहान की न वाकता दिसत नाही. पान जेमतेम एक सेंटिमीटर लांब, भाल्याच्या पात्यासारखं टोकदार, मध्ये एक शीर. बारीक उभ्या देठाच्या टोकाला अशी पाच ते दहा पानं झुबक्याने येतात. खाली दोऱ्याएवढं खोड चिखलाच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच धावतं आणि दर पेरापाशी एखादंच मूळ सोडतं. ओहोटीला सगळा गालिचा उघडा पडतो. पानांवर गाळाचा पातळ थर असतो, ओंजळीने पाणी ओतलं की हिरवं चमकतं. जागतिक पातळीवर ती ‘असुरक्षित’ वर्गात नोंदलेली आहे. लहान असण्याचा तिला फायदा असा की पोसायला खोड-मुळं फार नाहीत, त्यामुळे थोड्या उजेडात भागतं, आणि बिया लवकर तयार होतात. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, गाळ उसळतो, वरचा हिरवा भाग नाहीसाही होऊ शकतो. मातीत पडलेल्या बियांवर ती पुन्हा उगवते. तोटा तिच्या उंचीतच आहे. सेंटिमीटरभर उंचीचं झाड दोन-तीन सेंटिमीटर गाळाखाली सहज गाडलं जातं. सांडपाण्याने फोफावलेल्या हिरव्या शेवाळाची चादर अंगावर पसरली तरी तोच परिणाम.

केवळ भरतीची उंची जास्त म्हणून समुद्रगवत नसतं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. कच्छच्या आखातात भरती मुंबईपेक्षा मोठी आहे, तरी जामनगरच्या बाजूच्या प्रवाळ बेटांभोवती, पिरोटनसारख्या ठिकाणी, समुद्रगवत आहे. तिथे ओहोटीला मोठाली सपाट पठारं उघडी पडतात आणि ती झाडांना उजेड देतात. गोव्यात उधाणाचा चढ-उतार दोन-सव्वादोन मीटरचा, पाल्कच्या उपसागरात मीटरच्याही आतला. चढ-उतार, गढूळपणा आणि जमिनीची उंची, तिन्ही एकत्र मोजल्याशिवाय उत्तर येत नाही.

एवढा हिशेब कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या रॉबर्ट ऑर्थ यांचं काम पाहावं. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्समधले हे शास्त्रज्ञ आयुष्यभर समुद्रगवतावरच काम करत आले. व्हर्जिनियाच्या अटलांटिक बाजूला वाळूच्या बेटांमागे उथळ खाजणं आहेत. १९३० च्या दशकात एका सूक्ष्मजीवाच्या साथीने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचं झोस्टेरा मरिना हे समुद्रगवत झोडपलं, आणि १९३३ च्या चक्रीवादळाने या खाजणांत उरलंसुरलंही संपवलं. त्या गवतावर वाढणारे बे स्कॅलप जातीचे शिंपले गेले, त्यावरची मासेमारीही गेली. पुढे साठ-पासष्ट वर्षं तळ उघडाच राहिला. पाणी खराब असेल असंच कुणालाही वाटलं असतं.

ऑर्थ आणि सहकाऱ्यांचा १९९४ चा एक साधा प्रयोग इथे कामी आला. उघड्या तळावर मोजून बिया टाकल्या आणि पुढच्या हंगामात रोपं कुठे उगवली ते मोजलं. बहुतेक रोपं बिया पडल्या तिथून पाचेक मीटरच्या आतच होती. झोस्टेराची बी तीनेक मिलिमीटरची, पाण्यात बुडणारी. तळावरच्या लहानसहान खळग्यांत अडकते आणि प्रवाहाने फारशी हलत नाही. म्हणजे या खाजणांत उजेड पुरेसा असूनही गवत नव्हतं, कारण बी देणारं कुरण जवळ नव्हतं.

मग १९९९ पासून पेरणी सुरू झाली. मे-जूनमध्ये बिया धरलेल्या फांद्या गोळा करायच्या. वाहत्या समुद्रपाण्याच्या टाक्यांत ठेवायच्या. फांद्या कुजतात, बिया सुटून तळाला बसतात. कचरा धुऊन काढायचा, बिया उन्हाळाभर पाण्यातच सांभाळायच्या, आणि शरदात, पाणी थंड होऊन बी रुजायच्या आधी, होडीतून फेकायच्या. उन्हाळ्यातच फेकल्या तर खेकडे आणि इतर प्राणी महिनोन्‌महिने त्या खात राहतात. सगळं नीट झालं तरी शेकडा दहापेक्षा कमी बियांचीच रोपं होतात, म्हणून संख्या प्रचंड लागते. दोन दशकांत ७ कोटींहून जास्त बिया पडल्या, त्या दोनशे हेक्टरांच्या आसपास. २०२० साली त्यांनी आकडा प्रसिद्ध केला: ३,६१२ हेक्टर कुरण. आपल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या दुपटीहून थोडं जास्त. पेरलेल्याच्या सतरा-अठरा पट क्षेत्र गवताने स्वतः धरलं.

स्वतः धरलं ते कसं, हा या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग. पानं पाण्याचा वेग कमी करतात, मुळं तळ बांधतात, गाळ उठत नाही, पाणी निवळतं, उजेड आणखी खोल जातो, आणि गवताला पुढची जागा मिळते. चक्र एकदा फिरू लागलं की पुढे जातं. पण हेच चक्र उलटंही फिरतं. कुरण विरळ झालं की गाळ उठतो, पाणी गढुळतं, उरलेलंही मरतं. म्हणून चार-दोन चौरस मीटरवर हौसेने केलेली लावणी सहसा टिकत नाही. ती स्वतःपुरतंही पाणी निवळवू शकत नाही. जगभरातल्या लावणीच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास २०१६ मध्ये झाला, त्यातही एक लाखाहून जास्त रोपं किंवा बिया लावलेल्या ठिकाणी निकाल बरे दिसले. व्हर्जिनियातही सगळं निर्धोक नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात पाणी तापलं आणि कुरणाचा मोठा भाग मेला, नंतर तो भरत गेला. झोस्टेराला तीस अंशांचं पाणी मारक ठरतं. मुंबईचा समुद्र वर्षातला बराच काळ त्याच्याच आसपास असतो, तेव्हा ती जात इथे आणण्याचा विचारही करू नये.

तिथे उणीव बियांची होती, आपल्याकडे उजेडाची आहे. ठाण्याच्या खाडीत कोट्यवधी बिया टाकल्या तरी काही होणार नाही. इथलं पहिलं काम सांडपाणी प्रक्रिया न करता खाडीत सोडणं थांबवण्याचं आणि भराव टाकून प्रवाह आवळणं थांबवण्याचं. दुसरं, चुकीच्या जागी लावणी न करण्याचं. उघडा चिखल दिसला की तिवरं लावायची असा उत्साह हल्ली फार दिसतो. सरासरी पातळीच्या खालच्या चिखलात लावलेली तिवराची रोपं दिवसातला फार वेळ बुडून राहतात आणि बहुतेक मरतात. जी जगतात ती फ्लेमिंगोंचं आणि इतर पाणपक्ष्यांचं चरायचं मैदान खातात, किंवा असलंच तर समुद्रगवत. उघडा चिखल ही रिकामी जागा नसते. फिलिपिन्समध्ये समुद्रगवतावर आणि खालच्या चिखलावर कांदळं लावण्याची ही चूक मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे.

कुरण सापडलं तर मोजतात कसं? अनेक ठिकाणी रूढ असलेली पद्धत अशी. ५० मीटर बाजूचा चौकोन आखायचा. त्यात ५० मीटरच्या तीन समांतर फिती, एकमेकींपासून २५ मीटरवर. प्रत्येक फितीवर दर ५ मीटरला अर्धा मीटर बाजूची चौकट टाकायची, शून्य धरून अकरा. एकूण ३३ चौकटी. प्रत्येकीत आधी फोटो, मग गवताने किती टक्के जागा व्यापली त्याचा अंदाज, जाती, शेवाळ किती, पानांवर चिकटलेलं शेवाळ किती, आणि चिखल बोटांत चोळून वाळू की गाळ ते. पानांची उंची मोजताना सर्वांत उंच पाचवा हिस्सा सोडून द्यायचा, नाहीतर दोन-चार लांब पानांनी आकडा फुगतो. अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून ठरलेल्या नमुना-फोटोंशी ताडून पाहायचं.

चिखलात कार्बन किती साठला ते पाहायला नळी ठोकून गाळाचा खांब काढतात. इथे दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. नळी शिरताना आतला गाळ दबतो; नळीच्या आत आणि बाहेर चिखलाची पातळी मोजून तो दाब हिशेबात धरला नाही तर कार्बन जास्त भरतो. आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातला कार्बन वेगळा. आम्लाने धुऊन तो काढला नाही तर तोही गवताच्या नावावर चढतो. पानं-मुळं वेगळी करून ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. हॅलोफिला बेक्कारीची बी मिलिमीटरच्या आतली असल्याने चाळणी अर्ध्या मिलिमीटरची घ्यायची, नेहमीच्या एक मिलिमीटरच्या चाळणीतून बी निघून जाते.

खाडीकाठच्या लोकांना स्वतः शोधायचं असेल तर पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते मे. तिवरांच्या समुद्राकडच्या कडेने, जिथे चिखल घट्ट आणि वाळूमिश्रित आहे अशा जागा आधी बघायच्या. गुडघाभर रुतणारा मऊ गाळ म्हणजे भर साचण्याचा वेग जास्त, तिथे शक्यता कमी. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, पाणी फिरलं की लगेच निघायचं. आपल्या खाड्यांत भरती मागच्या ओहळांतून आधी भरते आणि परतीची वाट तोडते. एकट्याने जाऊ नये; वाट माहीत असलेला कोळीवाड्यातला माणूस बरोबर हवा. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. सापडलं तर उपटायचं नाही. शेजारी नाणं ठेवून जवळून एक फोटो, उभं राहून एक फोटो, तारीख, वेळ, त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ आणि उंची, आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. यावरून ते किती उंचीच्या पट्ट्यात उगवलंय हे काढता येतं, आणि हीच नोंद पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, तशाच ओहोटीला पुन्हा करायची.